कावीळ, कुळीथ आणि भुईआवळी : यकृताच्या पथ्यपाण्याचा इतिहास

१/ कावीळ झालेल्या माणसाला सारे जग पिवळे दिसते, असे आपण मराठीत सर्रास म्हणतो. वास्तविक त्याला जग पूर्वीसारखेच दिसते. जगाला मात्र तो पिवळा दिसतो. म्हणीतली ही चूक निरुपद्रवी आहे. पण पिवळ्या रंगावर खिळलेल्या नजरेने काविळीच्या उपचारांत जी उलथापालथ केली, ती तितकीशी निरुपद्रवी नाही. आजचा धागा त्या उपचारांचा, त्यातही रुग्णाच्या ताटाचा इतिहास सांगणारा आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ सुरुवात माझ्या आजोळापासून करतो. आरोंदा हे सावंतवाडी तालुक्याच्या दक्षिण टोकाचे गाव. खाली तेरेखोलची खाडी, पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ही खाडी दोन राजवटींमधली सरहद्द होती. राजवटी दोन असल्या तरी काविळीचे पथ्य दोन्ही तीरांवर एकच असे.

३/ मी पाचवीत असताना मामाला कावीळ झाली. आजीने त्याच दिवशी फर्मान काढले : हळद बंद, तेल बंद, मासे बंद. उकड्या तांदळाची पेज, उसाचा रस आणि मळ्याच्या बांधावरून उपटून आणलेली भुईआवळी ताकात वाटून. शेजारच्या काकांनी कुठूनशी काविळीची माळ आणून मामाच्या गळ्यात घातली. तीन आठवड्यांनी मामा बरा झाला. आजीने श्रेय भुईआवळीला दिले, काकांनी माळेला, आणि मामा स्वतः आजही उसाच्या रसाचे गोडवे गातो. तिघांपैकी खरे कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. तो पडायला आणि सुटायला वैद्यकशास्त्रालाही बराच काळ लागला.

४/ आधी शब्द पाहू. 'कावीळ' हा शब्द संस्कृत 'कामला'पासून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. रोगाचा उल्लेख मात्र आयुर्वेदाच्या ग्रंथांहून जुना आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील बाविसावे सूक्त काविळीवरचेच आहे. त्यात रुग्णाच्या अंगाचा पिवळेपणा पोपटांमध्ये आणि इतर पिवळ्या-हिरव्या पक्ष्यांमध्ये पाठवून दिला जातो, आणि त्याच्या जागी तांबड्या गाईंचा तांबूस वर्ण रुग्णाला दिला जातो. हीच कल्पना ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळातल्या पन्नासाव्या सूक्ताच्या शेवटीही आढळते.

५/ म्हणजे पिवळेपणा ही जणू एखादी वस्तू आहे, आणि ती एका देहातून काढून दुसरीकडे ठेवता येते. गळ्यातल्या माळेमागचा विचार नेमका हाच. माळ वाढत जाते, गळ्यातून पोटापर्यंत उतरते, आणि तिच्याबरोबर कावीळही 'उतरते'. माळ खरोखर वाढते, यात फसवणूक नाही. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले असतात. काड्या सुकून आक्रसल्या की गाठी सैल पडतात आणि दोरा लांबतो. तीच माळ घरातल्या खुंटीला अडकवली तरी लांबते. खुंटीला कावीळ झालेली नसते.

६/ चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ 'काढण्याचा' प्रकारही असाच. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असला, की चुन्याचे पाणी पिवळे होते. निरोगी माणसाचे हात धुतले तरीही होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग गावोगावी करून दाखवत आले आहेत.

७/ रंगाचा हा तर्क केवळ आपलाच नाही. सोळाव्या शतकातल्या युरोपात, विशेषतः पॅरासेल्ससच्या अनुयायांत, वनस्पतीच्या रूपावरच तिच्या गुणाची खूण असते असा सिद्धान्त प्रचलित होता. त्यानुसार पिवळा चीक गाळणारी झाडे, केशर आणि हळद ही काविळीची औषधे ठरली. आता गंमत पाहा. पिवळ्याला पिवळे मारते, म्हणून तिकडे काविळीत हळद द्यायची. पिवळ्याने पिवळे वाढते, म्हणून इकडे हळद बंद करायची. एकाच तर्काची ही दोन टोके. हळदीतला रंग आणि काविळीतला रंग यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. काविळीचा रंग बिलिरुबिनचा असतो. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर तो तयार होतो, यकृत त्याला पित्तावाटे बाहेर टाकते, आणि यकृत थकले किंवा पित्ताची वाट अडली, की तो रक्तात साचतो.

८/ 'पित्ताची वाट अडली' हे वाक्य मी आधुनिक वैद्यकातून घेतले, असे कोणाला वाटेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे आणि कामलेचे विवेचन त्यातच येते. तेथे कामलेचा एक प्रकार असा सांगितला आहे की ज्यात कफाने पित्ताचा मार्ग रोखला जातो आणि मळाचा रंग वाटलेल्या तिळासारखा फिकट होतो. पित्त आतड्यात उतरले नाही तर मळ पांढुरका होतो, हे आजही डॉक्टर रुग्णाला आवर्जून विचारतात. 'कफ' ही उपपत्ती बाजूला ठेवली, तरी हे निरीक्षण पक्क्या नजरेचे आहे. रंग सगळेच पाहत होते. कोणीतरी मळाचाही रंग पाहिला.

९/ आणि चरकाचे पथ्य काय? या अडलेल्या कामलेत मोर, तित्तिर व कोंबडा यांचे आंबट-तिखट मांसरस, आणि वाळलेला मुळा व कुळीथ यांचे कढण. होय, कुळीथ! कोकणात ज्याची पिठी रोज चुलीवर असते तोच. सर्वसाधारण कामलेत जुना तांदूळ, जव, गहू, त्यासोबत मूग, तूर, मसूर यांची कढणे, आणि औषधी तुपे देऊन मग सौम्य कडू विरेचन. आजीच्या फर्मानाशी हे ताडून पाहा. तुपावर बंदी नाही, मांसरसावर नाही, आणि डाळींचा तर आग्रह आहे. रुग्णाला उपाशी ठेवावे असा या पथ्याचा कल दिसत नाही.

१०/ येथे एक खुलासा. चरकाने सांगितले म्हणून कुळीथ काविळीचे औषध ठरत नाही, आणि हा धागा इतिहासाचा आहे, वैद्यकीय सल्ल्याचा नाही. मुद्दा एवढाच की 'पूर्वापार पथ्य' म्हणून आपण जे सांगतो ते पुष्कळदा तितके पूर्वापार नसते. तेल-हळद-मासे बंदीचे शास्त्र चरकात सापडत नाही. ते कधीतरी मधल्या काळात घराघरांतून तयार झाले, आणि मग त्याच्यावर प्राचीनतेचा शिक्का बसला.

११/ पेजेचा दाखला मात्र जुना आणि आपल्याच परिसरातला आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि त्याने येथील औषधी द्रव्यांवर संवादरूपात एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हा एक. त्यात 'मोर्शी' नावाच्या भयंकर रोगाची हकीकत आहे. ही मोर्शी म्हणजे आपली मोडशी, त्या काळची महामारी. देशी वैद्य रुग्णाला 'कांजी' देतात, म्हणजे मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी, असे ऑर्ता नोंदवतो. तो त्यांच्याशी वाद घालतो, पण त्यांचे लिहूनही ठेवतो. (याच ऑर्ताची हाडे मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने उकरून जाळली. तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता, हा आरोप. त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र धागा करू.)

१२/ आता भुईआवळी. हिची लिखित नोंद शोधताना आपल्याला कोचीला जावे लागते, पण तेथेही भेटतात ती कोकणी माणसेच. डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या कामात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. या तिघांनी १६७५ साली दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोकणी भाषेत, पहिल्या खंडात छापलेले आहे. हातातल्या अक्षरांच्या ठशांवरून कोरून काढलेली ती नागरी अक्षरे पाहताना अंगावर काटा येतो.

१३/ याच ग्रंथाच्या दहाव्या खंडात 'कीर्गानेली' या नावाने भुईआवळीच्या कुळातली वनस्पती चित्रासह येते. मल्याळममध्ये तिला आजही कीळानेल्ली म्हणतात आणि काविळीवर देतात. म्हणजे सतराव्या शतकात एक डच अधिकारी, एक मलबारी आणि तीन कोकणी वैद्य ज्या रोपट्यावर मान खाली घालून बसले होते, तेच रोपटे तीनशे वर्षांनी माझ्या आजीने बांधावरून उपटले. पानांच्या खाली ओळीने लागलेली मोहरीएवढी फळे तिने मला दाखवली होती. ती नसतील तर झाड वेगळे, असे तिने बजावले होते.

१४/ पण औषध दिले आणि रुग्ण बरा झाला, यावरून औषधाने बरा झाला असे सिद्ध होत नाही. काविळीत तर मुळीच नाही, कारण आपल्याकडच्या काविळीचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. यामुळे या रोगात प्रत्येक उपाय यशस्वी ठरतो. माळ, मंत्र, उसाचा रस, भुईआवळी, नाकात घालायचे थेंब, सगळेच. खरे काय, ते कळायला दोन गट लागतात : एकाला उपाय द्यायचा, दुसऱ्याला नाही.

१५/ यकृताच्या रुग्णाला काय खायला द्यावे, हा प्रश्न असा मोजून पाहण्याचा इतिहास तसा अलीकडचा आहे. न्यूयॉर्कमध्ये आर्थर पाटेक आणि जोसेफ पोस्ट यांनी १९४१ साली यकृत कठीण झालेल्या, म्हणजे सिरोसिसच्या, रुग्णांवरचे आपले काम प्रसिद्ध केले. त्यांचा उपचार सकस आहार आणि 'ब' जीवनसत्त्वाची भरपूर जोड, एवढाच होता. रुग्ण पूर्वीच्या नोंदींतल्या रुग्णांहून अधिक जगले. १९४८ साली त्यांच्या गटाने दहा वर्षांतील १२४ रुग्णांचा आढावा दिला. तुलना जुन्या नोंदींशी होती, समोरासमोरच्या गटाशी नव्हती. ही उणीव खरीच. तरी सिरोसिस म्हणजे हात टेकायचे, ही समजूत त्यांनी हलवली.

१६/ 'ब' जीवनसत्त्वाचा धागा आपल्या पेजेपर्यंत येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मलायात बेरीबेरीने माणसे मरत. विल्यम फ्लेचर या डॉक्टरने १९०५ च्या सुमारास क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात एका गटाला पॉलिश केलेला सडीक तांदूळ दिला, दुसऱ्याला हिंदुस्थानी पद्धतीचा उकडा तांदूळ. बेरीबेरी झाली ती जवळजवळ सगळी पहिल्या गटात. भात साळीसकट उकडला की कोंड्यातले 'ब-१' जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकते. कोकणी माणूस उकडा तांदूळ खातो तो चवीसाठी आणि सवयीसाठी. पण आजारी माणसासमोर ठेवलेली ती लालसर पेज पांढऱ्या तांदळाच्या पेजेहून सकस असते, हे खरे. तिच्यात प्रथिने मात्र फार थोडी. तीन आठवडे नुसत्या पेजेवर काढलेला मामा उठला तेव्हा त्याच्या सदऱ्यात दुसरा एक मामा मावला असता.

१७/ समोरासमोरचे दोन गट करून प्रश्न विचारला तो कोरियन युद्धात. अमेरिकी सैनिकांत काविळीची साथ होती आणि त्यांना जपानमधल्या क्योटो येथील लष्करी इस्पितळात आणले जाई. थॉमस चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी या तरुण रुग्णांचे गट केले. काहींना सक्तीने अंथरुणात ठेवले, काहींना हवे तसे हिंडू दिले. काहींना आग्रहाने भरपूर प्रथिने व उष्मांक असलेला आहार दिला, काहींना मनाप्रमाणे जेवू दिले. निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाले. सक्तीच्या विश्रांतीचा काही लाभ दिसला नाही. भरपूर खाणारे मात्र लवकर बरे झाले. 'काविळीत हलके खा, पडून राहा' या दोन्ही सूचना एकाच प्रयोगात डळमळल्या. माझ्या मते काविळीच्या इतिहासातला हा सर्वांत दुर्लक्षित निबंध आहे. आपल्याकडे तर त्याची वार्ताही पोचली नाही.

१८/ योगायोग असा की त्याच १९५५ च्या अखेरीस दिल्लीत पाण्यातून काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पात्रात वजिराबाद येथे शहरासाठी पाणी उचलत, आणि नजफगड नाल्याची घाण तेथवर पोचली. डोळे पिवळे झालेले सुमारे २९,३०० रुग्ण मोजले गेले. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण विशेष होते. हा कोणता विषाणू, ते तेव्हा कळले नाही. दिल्लीतले त्या वेळचे रक्तद्रव जपून ठेवलेले होते. त्यांच्या आणि पुढच्या साथींतल्या नमुन्यांच्या आधारे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील खोर्शेद पावरी, एम. ए. श्रीनिवासन प्रभृतींनी अमेरिकी संशोधकांसह १९८० साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की हा 'अ'ही नव्हे, 'ब'ही नव्हे. १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यातून आलेल्या साथीचा अभ्यासही याच संस्थेने केला. पुढे या विषाणूला 'हिपॅटायटिस ई' हे नाव मिळाले.

१९/ आता उसाच्या रसाकडे पुन्हा पाहा. साखर मिळते, तोंडाला चव येते, मळमळणाऱ्या रुग्णाच्या पोटात दोन घास उष्मांक जातात; वाईट काहीच नाही. पण 'अ' आणि 'ई' हे दोन्ही विषाणू दूषित पाण्यातून पसरतात, आणि रस्त्यावरच्या रसात पडणारा बर्फ कोणत्या पाण्याचा असतो ते कोणी विचारत नाही. काविळीच्या उपचारासाठी गेलेला माणूस काविळीच्या उगमापाशीच ग्लास धरून उभा असण्याची शक्यता असते.

२०/ माशांच्या बंदीचेही तसेच. १९८८ साली शांघायमध्ये 'अ' प्रकारच्या काविळीची साथ आली आणि सुमारे ३ लाख लोक आजारी पडले. कारण होते सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यातल्या शिंपल्या, आणि त्या जेमतेम उकळत्या पाण्यातून काढून अर्धकच्च्या खाण्याची तिथली रीत. तेरेखोलच्या खाडीतल्या तिसऱ्या आपण वाटप घालून चांगल्या शिजवतो. तेवढ्याने धोका पुष्कळ टळतो. शिजलेल्या माशाने यकृत बिघडत नाही. उलट कोकणातल्या गरीब घरात माशाचा तुकडा हेच प्रथिनांचे मुख्य साधन. तेच तोडले की रुग्णाच्या अंगावरचे मांस झडू लागते.

२१/ डॉक्टरांकडूनही ही चूक दीर्घकाळ झाली, हे सांगितले पाहिजे. सिरोसिसच्या रुग्णाची शुद्ध हरपते त्यामागे आतड्यात प्रथिनांपासून होणारा अमोनिया असतो, हे लक्षात आल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापासून अशा रुग्णांची प्रथिने सरसकट तोडली जाऊ लागली. २००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी दोन गट करून पाहिले, तर नेहमीइतकी प्रथिने देऊनही गुंगी वाढली नाही. तोडलेल्या गटात स्नायूंची झीज मात्र अधिक झाली. युरोपीय यकृततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात सिरोसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत आणि रात्री झोपताना थोडे खायला द्यावे, असे म्हटले आहे. ५० किलोच्या माणसाला हे ६० ते ७५ ग्रॅम होतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. हिशेब तुम्हीच करा.

२२/ मग भुईआवळीचे काय झाले? तिच्याही वाट्याला दोन गट आले. 'ब' विषाणूचा शोध लावून १९७६ चे नोबेल मिळवणारे बारुक ब्लुमबर्ग यांनीच तिच्यात रस घेतला. मद्रासचे एस. पी. त्यागराजन आणि ब्लुमबर्ग प्रभृतींचा निबंध १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. 'ब' विषाणू दीर्घकाळ बाळगणाऱ्यांना ३० दिवस भुईआवळीची पूड दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे चिन्ह नाहीसे झाले. नुसती पूड म्हणून दुसरेच काही दिलेल्या २३ जणांत असा एकच. आपल्या बांधावरचे झाड जगभर गाजले.

२३/ पण १९९० साली थायलंडमध्ये आणि १९९४ साली न्यूझीलंडमध्ये हाच प्रयोग झाला, तेव्हा तो चमत्कार पुन्हा घडला नाही. झाडाची जात वेगळी होती, वेळ चुकली, माती निराळी, अशा शंका काढल्या गेल्या. पुढच्या अनेक चाचण्यांचे एकत्र परीक्षण करणाऱ्यांनाही खात्रीलायक पुरावा सापडला नाही. आजीच्या झाडाची बाजू घ्यावी असे मला मनापासून वाटते, पण पुरावा तिच्या बाजूने उभा राहत नाही. आणि मामाला झाली होती ती बहुधा पाण्यातून येणारी कावीळ, जी तशीही बरी व्हायचीच होती.

२४/ दरम्यान यकृताची 'ताकद वाढवणाऱ्या' गोळ्यांचा बाजार वाढत गेला. कासनी, काकमाची, मंडूर भस्म वगैरेंचे मिश्रण असलेले लिव्ह-५२ १९५५ सालीच आले होते. कोणतेही जड औषध सुरू झाले की त्याच्यासोबत 'लिव्हरसाठी एक' ही गोळी घ्यायची रीत घराघरांत पडली. ही रीत अशा ठिकाणी घातक ठरू शकते, जिथे औषधच यकृताला इजा करत असते.

२५/ क्षयरोगाचे उदाहरण घ्या. आयसोनियाझिड १९५२ साली आले आणि क्षयाचा इतिहासच बदलला. १९७० साली वॉशिंग्टनमध्ये, संसदेच्या कर्मचाऱ्यांत क्षय आढळला म्हणून २,३२१ जणांना हे औषध प्रतिबंधासाठी दिले. १९ जणांत यकृताच्या आजाराची लक्षणे दिसली आणि दोघे दगावले. लाखो जीव वाचवणारे औषध थोड्यांच्या यकृतावर उलटते, हे तेव्हा ठळक झाले. दिल्लीच्या एम्समधून १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांत वाढते वय, दारू, अंगात मुरलेला क्षय आणि रक्तातले कमी अल्ब्युमिन हे धोक्याचे घटक आढळले. अल्ब्युमिन कमी असणे हे बहुधा कुपोषणाचे आणि खोलवर आजाराचे लक्षण. ज्याला आधीच खायला कमी मिळाले, त्याच्यावरच औषध अधिक उलटते.

२६/ आरोंद्याच्या शेजारच्या वाडीतला एक माणूस क्षयाच्या गोळ्या घेत होता. दुसऱ्या महिन्यात त्याचे डोळे पिवळे झाले. घरच्यांना वाटले, साधी कावीळ. तेल बंद, अंडे बंद, गळ्यात माळ. आणि गोळ्या मात्र नेमाने चालू, कारण 'क्षयाच्या गोळ्या मध्येच थांबवायच्या नाहीत' हे त्यांना नीट शिकवले गेले होते. डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि गोळ्या डॉक्टरांकडून थांबवून घ्यायच्या, हे दुसरे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. बारा दिवस गेले. तो वाचला नाही. त्या घरातल्या कोणीही हयगय केली नव्हती. जे जे करायचे म्हणून ठाऊक होते ते सगळे केले होते.

२७/ आणि शेवटचे प्रकरण तर आपल्या डोळ्यांदेखत घडलेले. २०२० च्या साथीत गुळवेलीचे काढे घरोघरी उकळत होते. मुंबईतल्या यकृततज्ज्ञ आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या सहा रुग्णांची हकीकत २०२१ साली प्रसिद्ध केली. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती आणि सहाही जणांच्या यकृताला इजा झाली होती. पुढे देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला : गुळवेल सुरक्षित आहे, दोष तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा असावा. डॉक्टरांचे म्हणणे असे की ज्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती असते, त्यांत ही वेल ठिणगी टाकते.

२८/ हा वाद वाचताना मला आजीची ती ओल्या बांधावरची ताकीद आठवली : पानाखाली फळे नसतील तर झाड वेगळे. झाड ओळखायचे इतके ज्ञान तिच्यापाशी होते. पुडीत बांधून, डबीत भरून, ऑनलाइन मागवून येणाऱ्या पुडीच्या बाबतीत ते पानही दिसत नाही आणि फळही.

२९/ मामा यंदा साठीचा झाला. गेल्या पावसाळ्यात तपासणीत त्याच्या यकृतावर चरबी निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. वजन कमी करा, गोड कमी करा, दारू नको, डाळ-मासे खा, म्हणून सांगितले. घरी येऊन मामाने पहिली तक्रार उसाच्या रसाची केली. मामीने काही न बोलता कुळथाची पिठी चुलीवर ठेवली. हळद घातलेली होती.